अरंगेत्रमनंतरची सभा

१९७८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड परिसरातल्या एका चर्चच्या तळघरात काही दाक्षिणात्य कुटुंबं कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची पंचरत्नं, म्हणजे पाच प्रसिद्ध कृती (गीतरचना), म्हणायला जमली. मृदंगवादक रामनाड राघवन यांची प्रेरणा आणि व्ही. व्ही. सुंदरम व त्यांच्या सोबत्यांची धडपड एवढंच भांडवल होतं. त्यागराजांच्या स्मरणाची ती आराधना पुढे वाढत गेली. क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या सभागृहांत ईस्टरच्या सुमारास दहा-बारा दिवस चालणारा, भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या कर्नाटक संगीत उत्सवांपैकी एक म्हणून तिची ओळख झाली. चेन्नईतले अव्वल गायक-वादक तिथे हजेरी लावतात. दूरदूरच्या राज्यांतून मुलं स्पर्धेसाठी येतात, आणि ओहायोच्या थंडीत शेकडो गळे एका सुरात पंचरत्नांतली 'एंदरो महानुभावुलु' ही कृती म्हणतात.

१९६५ च्या कायद्यानं अमेरिकेचं दार आशियातल्या लोकांसाठी उघडलं, त्यानंतर गेलेल्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींनी हे उभं केलं. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार सभा, म्हणजे संगीत-नृत्याचे कार्यक्रम भरवणारी रसिकांची संस्था. कलाकाराला विमानतळावरून आणायचं, आपल्याच घरी उतरवायचं, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, सभागृहातल्या खुर्च्या मांडायच्या आणि रात्री उचलायच्याही. सिंगापूरची इंडियन फाइन आर्ट्स सोसायटी तर १९४९ पासून हे काम करते आहे. लंडन, टोरांटो, मेलबर्न, क्वालालंपूर, अशा कितीतरी शहरांत कुणी ना कुणी हीच हमाली वर्षानुवर्षं केली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या आदरातूनच.

या सभांनी मुलांना रंगमंचावर चढवलं. त्यांच्यासमोर बसणारे श्रोते आणि त्यांना शिकवून घर चालवू शकणारे कलाकार मात्र त्या त्या गावात पुरेसे उभे राहिले नाहीत. पुढच्या पिढीसाठी सभेनं आपला पैसा आणि श्रम मुख्यतः या दोन गोष्टींकडे वळवायला हवेत. अरंगेत्रमं किती झाली आणि भारतातून किती मोठी नावं आणली, हे सभेच्या कामाचं माप धरणं आता थांबवावं.

आधी अरंगेत्रम घेऊ. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा हा पहिला संपूर्ण एकल प्रयोग. अलारिपूनं सुरुवात, मध्ये अर्धा-पाऊण तासाचा वर्णम्, मग पदं, शेवटी तिल्लाना, असा अडीच-तीन तासांचा मार्गम् एकटीनं पेलायचा असतो. त्यामागे आठ-दहा वर्षांची मेहनत असते. अमेरिकेत हे कार्यक्रम बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शनिवारी-रविवारी होतात, कारण पुढे मुलगी कॉलेजला घराबाहेर पडणार असते. नाट्यगृहाचं भाडं, कांजीवरमचे पोशाख, दागिने, फोटो, जेवणावळ, आणि बऱ्याचदा भारतातून बोलावलेला साथीदारांचा संच. एखाद्या लग्नाइतका खर्च होतो आणि प्रेक्षकही लग्नाला येतात तसेच निमंत्रणावरून येतात. मुलीनं अप्रतिम नाच केला तरी तो पाहायला त्या शहरातला एकही अनोळखी माणूस सभागृहात नसतो. त्यानंतर बहुतेक मुली महाविद्यालयात जातात आणि घुंगरू पेटीत जातात.

यात त्या आईवडिलांना दोष द्यायचं मला काही कारण दिसत नाही. परक्या मुलखात मुलीच्या हातात आपलं काहीतरी घट्ट ठेवावं ही इच्छा कुठल्याही घरात असते. मात्र एवढा पैसा खर्च होऊन शहरात मागे काय राहतं, हे सभेनं विचारलं पाहिजे. चेन्नईहून आलेला मृदंगमवाला एका उन्हाळ्यात अनेक अरंगेत्रमं वाजवून परत जातो. त्याच शहरात राहणारा, तिथेच वाढलेला मृदंगम वाजवणारा तरुण दिवसा सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि शनिवारी वर्ग घेतो. त्याला साथीला बोलावलं तर मानधनाचा विषय निघत नाही, शाल आणि श्रीफळ मिळतं. 'आपलाच मुलगा आहे' हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं आणि त्याच वाक्यानं त्याचं काम फुकट ठरतं. दुसरीकडे पाहुण्या कलाकारांसाठी सभा पी-३ नावाच्या खास व्हिसाची कागदपत्रं कित्येक महिने आधी तयार करते. कार्यक्रम सांस्कृतिकदृष्ट्या वेगळा आहे हे सरकारला पटवून देते, शुल्क भरते, वकिलाचे पैसे देते. पाहुणे यायलाच हवेत. त्यांच्या गाण्यानं कान तयार होतात. पण वर्षाच्या अंदाजपत्रकात पाहुण्यांच्या रकमेशेजारी स्थानिक कलाकारांची रक्कम लिहून पाहावी. कित्येक सभांमध्ये तिथे लिहायला काही सापडणार नाही.

याचा परिणाम आपल्यासमोर आहे. संदीप नारायण अमेरिकेत जन्मले, रामकृष्णन मूर्ती अमेरिकेत वाढले. दोघेही आज कर्नाटक संगीतातले मान्यवर गायक आहेत, आणि दोघांनाही पूर्णवेळ गायक होण्यासाठी चेन्नई गाठावी लागली. परदेशातल्या सभांनी केवढं उत्तम शिक्षण दिलं याचा हा पुरावा म्हणून सांगितला जातो, तो बरोबरच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. इतकी वर्षं इतके उत्सव करूनही या वकुबाचा गायक ज्या शहरात वाढला त्या शहरात राहून गाण्यावर जगू शकेल, असं तिथे काही नव्हतं. क्लीव्हलँडच्या मंडळींनी 'सस्टेनिंग संप्रदाय' या उपक्रमातून भारतातल्या गुरूंकडून अमेरिकेतल्या मुलांना दुर्मीळ रचना शिकवल्या. फार चांगलं काम आहे ते. आता त्याच जिद्दीनं त्या रचना आयुष्यभर गाणाऱ्याची सोयही तिथेच व्हायला हवी.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउनकडे बोट दाखवेन. तिथल्या वेस्लियन विद्यापीठात १९६० च्या दशकात टी. रंगनाथन आले आणि पुढे त्यांचे भाऊ टी. विश्वनाथनही. एकाचा मृदंगम, दुसऱ्याची बासरी. त्यांची बहीण टी. बालसरस्वती १९६२ साली जेकब्ज पिलो या अमेरिकेतल्या नामांकित नृत्योत्सवात नाचली आणि वेस्लियनमध्येही शिकवू लागली. ही भावंडं वीणा धनम्माळ यांची नातवंडं, म्हणजे देवदासी परंपरेतल्या घराण्यातली. त्यांच्या तरुणपणी मद्रासमध्ये काय चाललं होतं? देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ झाली, १९४७ साली कायदा आला, आणि त्याच काळात 'सदिर' हा त्यांचा नाच भरतनाट्यम या नावानं उच्चवर्णीय घरांतल्या मुलींसाठी प्रतिष्ठित झाला. प्रथेत शोषण होतं आणि ते थांबणं आवश्यक होतं. पण ज्या घरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्या घरांतल्या बायकांनाच नाचायला लाज वाटावी अशी परिस्थिती झाली. अशा घराण्यातल्या दोघा भावांना अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या विद्यापीठानं शिक्षकाची पगारी नोकरी दिली, आणि दोघांनी तिथे कित्येक वर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांत भारतीय वंशाची मुलं त्या काळी जवळपास नव्हतीच. त्या वर्गातून जॉन हिगिन्स तयार झाले. मद्रासला येऊन ते गाणं शिकले, त्यागराजांच्या गावी, तिरुवैयारूला होणाऱ्या आराधनेत गायले, आणि तमिळ रसिकांनी त्यांना 'भागवतर' या मानाच्या नावानं ओळखलं. १९८४ मध्ये अपघातात गेले तेव्हा ते वेस्लियनमध्येच प्राध्यापक होते.

मिडलटाउनमध्ये काम झालं ते दोन गोष्टींमुळे. शिकवणाऱ्याला महिन्याच्या पगाराची शाश्वती होती, आणि वर्गाचं दार कुणालाही उघडं होतं. मॉरिशसमध्ये महात्मा गांधी इन्स्टिट्यूट १९७० पासून हेच सरकारी पातळीवर करते आहे. तिथे भरतनाट्यम आणि कर्नाटक संगीत शिकवणं ही शिक्षकाची नोकरी आहे. मिनियापोलिसमध्ये राणी रामस्वामी यांनी १९९२ साली 'रागमाला' ही नृत्यसंस्था सुरू केली. आता त्यांच्या मुली अपर्णा आणि अश्विनी त्यांच्यासोबत ती चालवतात, आणि अमेरिकेतल्या मोठ्या नाट्यगृहांत तिकीट काढून लोक त्यांचे प्रयोग पाहतात. मिनेसोटाच्या बर्फात भरतनाट्यम हा व्यवसाय होऊ शकतो, तर न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात का होऊ नये?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. बाहेरचे श्रोते हवेत म्हटलं की कला पातळ करावी लागेल. वर्णम् दहा मिनिटांचा होईल, रागम्-तानम्-पल्लवी हा मैफलीतला विस्तारानं गायचा भाग जाईल आणि उरेल ते 'फ्यूजन'. ही भीती मला समजते. घाईघाईनं केलेली सरमिसळ मलाही ऐकवत नाही. पण ज्या परंपरेचं रक्षण करायचं म्हणतात ती घडली कशी, हे पाहिलं की भीती पुष्कळ कमी होते. इथे मराठी वाचकाचा संबंध थेट येतो.

तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. मुलूख तमिळ, राजघराणं मराठी, दरबारातल्या गाण्याची प्रतिष्ठित भाषा तेलुगू. या राज्यात कावेरीकाठी तिरुवैयारूला त्यागराज राहिले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या प्रयोगाला जो क्रम दिला तोच आज टोरांटोतली मुलगी अरंगेत्रममध्ये नाचते. सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. ज्या व्हायोलिनशिवाय आज कर्नाटक मैफल बसत नाही ते युरोपातून आलं, आणि बाळुस्वामी दीक्षितर यांच्यासारख्यांनी ते मांडीशी घेऊन आपलं केलं. त्यांचे बंधू मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजांच्या बँडवर ऐकलेल्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. महाराष्ट्रातून गेलेल्या कीर्तनकारांकडून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी घेतलं आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आले. आज अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री या कर्नाटक गायिका अभंग गातात तेव्हा चेन्नईतला श्रोता त्याला पाहुणा मानत नाही. नंतरच्या काळात कद्री गोपालनाथांनी सॅक्सोफोनवर आणि यू. श्रीनिवास यांनी मँडोलिनवर याच संगीताचं सोनं केलं. या सगळ्यांनी बाहेरचं घेतलं, पण वर्षानुवर्षं त्यावर मेहनत केली, आणि ती मेहनत करताना त्यांचं पोट भरत होतं. तंजावरच्या दरबारानं चार भावांना वर्षातून एकदा शाल देऊन घरी पाठवलं नव्हतं. राजाश्रय होता. त्या आश्रयाच्या जागी आज सभा आहे.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण टाळू नये. सभा ज्याला दक्षिणेचं संगीत आणि नृत्य म्हणतात त्यात दक्षिणेतली कोणती माणसं येतात? समुद्र ओलांडून गेलेली दक्षिणेची पहिली कला सभेची नव्हती. १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या तमिळ मजुरांनी तेरुकूत्तू हे लोकनाट्य तिथे नेलं. गयानातल्या मद्रासी वंशाच्या लोकांनी कालीमाईच्या पूजेत तप्पू हे चर्मवाद्य वाजवत ठेवलं. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांनी कोकणातली जाखडी 'झाकरी' या नावानं आजवर जपली. यांच्यामागे ना संस्था होती ना व्हिसाचा वकील. पुढे १९८३ नंतर श्रीलंकेतून जीव वाचवून निघालेले तमिळ लंडन, टोरांटो, ऑस्लोला पोचले. त्यांच्यासाठी भरतनाट्यम ही हरवलेल्या गावाची आणि भाषेची जागा झाली. त्यांचे वर्ग, त्यांच्या परीक्षा, त्यांचे प्रेक्षक वेगळे. कित्येक शहरांत भारतीय तमिळांची सभा आणि ईळम (श्रीलंकेतल्या) तमिळांच्या शाळा शेजारी असूनही एकमेकांच्या कार्यक्रमाला जात नाहीत. नादस्वरम आणि तविल ही दक्षिणेच्या देवळांतली मुख्य वाद्यं, पण परदेशातल्या सभेच्या मैफलीत ती क्वचितच येतात. बहुधा देवळाच्या कुंभाभिषेकाला किंवा लग्नाला.

आराधना करणाऱ्यांनी बंगळुरू नागरत्नम्मांना तरी विसरू नये. त्यागराजांची समाधी दुर्लक्षित पडली होती. देवदासी घरात जन्मलेल्या या गायिकेनं स्वतःची मिळकत घालून १९२० च्या दशकात तिथे मंदिर बांधलं. आणि मंदिर बांधणाऱ्या या बाईलाच आराधनेत गायला मनाई होती, कारण आराधना करणाऱ्या पुरुषांचे तेव्हा दोन गट होते आणि दोन्हींत बायकांना स्थान नव्हतं. तिनं बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सगळे गट एकत्र आले, आणि सर्वांनी मिळून पंचरत्न म्हणायचा जो प्रघात आज ओहायोपासून सिडनीपर्यंत चालतो तो त्या काळात रुजला. आराधनेचं आजचं रूपच दार उघडण्याच्या भांडणातून आलेलं आहे. म्हणून आराधना भरवणाऱ्या सभेवर इतरांपेक्षा जास्त जबाबदारी येते.

दार उघडं ठेवणं म्हणजे काय हे समजायला फार लांब जायची गरज नाही. मुंबईत किंग्ज सर्कलजवळची षण्मुखानंद सभा १९५२ ची. तीही मूळची परगावी आलेल्या दाक्षिणात्यांची संस्था. सभेनं मोठं सभागृह बांधलं, १९९० मध्ये ते आगीत जळलं, पुन्हा उभं राहिलं. तिथे संगीत शाळा चालते, वैद्यकीय केंद्र चालतं, आणि कर्नाटक संगीताइतकीच गर्दी हिंदुस्थानी मैफलींनाही होते. माटुंग्याची ही सभा सगळ्या मुंबईची झाली आणि तरीही तिचं कर्नाटकपण कमी झालं नाही.

मग करायचं काय? जमलेल्या पैशातला ठरावीक वाटा, निदान तिसरा हिस्सा, त्याच भागात राहणाऱ्या कलाकारांच्या मानधनासाठी बाजूला काढावा, आणि मानधन पाहुण्यांइतक्याच गांभीर्यानं लेखी ठरवून द्यावं. एकाही स्थानिक साथीदाराला फुकट बसवू नये, अगदी आपल्या मुलालाही. अरंगेत्रम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सभेनं सांगावं की साथीतली निदान दोन माणसं इथलीच घ्या. सुरुवातीला ती चेन्नईच्या तोडीची नसतील. प्रयोग वाजवल्याशिवाय ती तशी होणार कशी?

श्रोत्यांचं काम याहून चिवट आहे. मोफत प्रवेशपत्रिका वाटून श्रोता येत नाही, आणि आला तर टिकत नाही. त्याला काय ऐकायचं ते कुणीतरी सांगावं लागतं. ग्रंथालयात, सरकारी शाळेत, वृद्धाश्रमात तासाभराचे छोटे कार्यक्रम करावेत: एक राग, एक कृती, तिचा अर्थ, हातानं ताल कसा धरायचा. आदितालाच्या आठ मात्रा हातावर मोजायला दहा वर्षांचा कोणताही मुलगा पाच मिनिटांत शिकतो, आणि एकदा ताल हातात आला की तनि-आवर्तनात, म्हणजे तालवाद्यांच्या एकल वादनात, तो कंटाळत नाही. मुलांच्या स्पर्धेत गाण्याला जसं बक्षीस असतं तसं ऐकण्यालाही असावं. पंधरा वर्षांच्या मुलीला मैफल ऐकून राग ओळखता आला, पल्लवी कुठे उचलली ते सांगता आलं, तर तिचा सत्कार व्हावा. ती पुढे वकील झाली, डॉक्टर झाली, तरी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेल. नाच सोडलेल्या त्या शेकडो मुली सभेच्या हातून निसटल्या त्या इथे. त्यांना कुणी प्रेक्षक म्हणून परत बोलावलंच नाही.

यात आपली महाराष्ट्र मंडळंही हात घालू शकतात. पुण्यामुंबईच्या असंख्य घरांतल्या मुली भरतनाट्यम शिकतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी परदेशात स्थायिक आहेत. आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत सरफोजींच्या मराठी निरूपणांवर मोठं काम केलं. पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर त्यांच्याकडे आणि तंजावरच्या चार भावांच्याच वंशातल्या किट्टप्पा पिल्लैंकडे शिकल्या, आणि त्या रचना त्यांनी रंगमंचावर आणल्या. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात. त्यात भारतातून नाटकं आणि गायक आणले जातात, आणि सभांबद्दल वर जे म्हटलं ते इथेही लागू आहे. पुढच्या अधिवेशनाच्या शहरात जी तमिळ किंवा तेलुगू सभा असेल तिच्याकडे मंडळानं जावं आणि एक प्रयोग दोघांनी मिळून करावा. सरफोजींचं मराठी निरूपण, नट्टुवांगम, म्हणजे झांजांवर नाचाचा ताल, धरायला त्याच शहरातला गुरू, मृदंगमवर तिथेच वाढलेला वादक, नाचायला अरंगेत्रमनंतर घरी बसलेल्या पाच-सहा मुली, शब्द समजावून सांगायला एखादी मराठी आजी. प्रयोगाला तिकीट लावावं, शहरातल्या इतर लोकांना विकावं, आणि जमलेल्या रकमेतून आधी कलाकारांचे पैसे द्यावेत, मग सभागृहाचे.